थकव्याचा हिशेब कोण ठेवतं?

२०२५ चा ऑगस्ट महिना. भारत-इंग्लंड कसोटी मालिका नुकतीच संपली होती आणि टीव्हीवर उठता-बसता एकच शब्द कानावर पडत होता, 'वर्कलोड'. जसप्रीत बुमरा पाचपैकी तीनच कसोट्या खेळला, तेही आधी ठरवून. मोहम्मद सिराज मात्र पाचही खेळला, १८५ षटकांच्या वर गोलंदाजी केली, २३ बळी घेतले, आणि ओव्हलची शेवटची कसोटी भारताने अवघ्या सहा धावांनी जिंकली. झालं! बुमराला विश्रांती कशाला हवी, सिराज दमत नाही का, असे वाद गल्लोगल्ली सुरू झाले. सुनील गावसकरांनी तर हा 'वर्कलोड' शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जावा, असं म्हटलं. सीमेवरचे जवान थंडीची तक्रार करतात का, असा त्यांचा सवाल होता.

आमच्या घरातल्या पुरुषमंडळींना हे फार पटलं. धाकटे दीर म्हणाले, "देशासाठी खेळायचं तर कसला आलाय थकवा!" आणि एवढं बोलून जेवणानंतरची वामकुक्षी घ्यायला आतल्या खोलीत गेले.

त्याच दुपारी त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, मागच्या पडवीत भांडी घासता घासता मधेच थांबून नडगी चोळत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही काकू, ग्राउंडचं दुखणं आहे. सर म्हणतात, दुखतंय म्हणजे तयार होतंय."

ती पोलीस भरतीची तयारी करते. तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे साडेचारला बाहेर पडून बघा. बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर, शाळेच्या मैदानात, कॅनॉलच्या कडेने ट्रॅकपँट घातलेल्या मुली धावताना दिसतील. २०२४ च्या जूनमध्ये राज्यात जी पोलीस भरती झाली, तिच्यात सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले होते सतरा लाखांवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे पंधरा हजार पदांना मंजुरी दिली आणि गावोगावच्या अकॅडमींत पुन्हा रांगा लागल्या. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची. ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. एकेका गुणावर नोकरी जाते-येते. मुलीला सरकारी नोकरी लागली म्हणजे घरात तिचा शब्द चालायला लागतो, लग्नाच्या बाजारात तिची किंमत कोणी ठरवत नाही, उलट तीच चार स्थळं नाकारते. त्यामुळे हे ८०० मीटर किती लांबचे असतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मी काही खेळाडू नाही. शाळेत खो-खो खेळले तेवढंच. पण पुतणीच्या त्या वाक्याने मला अस्वस्थ केलं आणि मी जरा वाचायला, विचारायला लागले. जे कळलं ते असं, की सरावाने माणूस बळकट होत नाही. सरावाने माणूस मोडतो. धावलं, वजन उचललं, की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, साठवलेली ताकद संपते, हाडावर ताण येतो. मग आपण जेवतो, झोपतो, आणि त्या वेळात शरीर झालेली मोडतोड भरून काढतं. पहिल्यापेक्षा थोडं जास्तच भरतं, पुढच्या वेळी कमी पडू नये म्हणून. बळ येतं ते इथे, या भरून काढण्याच्या वेळात. विरजण लावल्यावर दर तासाला पातेलं ढवळून बघितलं तर दही लागेल का? तसंच आहे हे. ढवळणारीला वाटतं आपण मेहनत करतोय.

भरून यायच्या आत पुन्हा मोडलं, परत मोडलं, तर आधी वेळ मंदावते. कालपर्यंत ८०० मीटर ३ मिनिटं १२ सेकंदांत व्हायचं, ते ३ मिनिटं २० वर जातं. झोप नीट लागत नाही, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद लागते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, चिडचिड होते. आणि अशा वेळी मुलीला काय सांगतात? "वेळ घसरली, सराव वाढव." इथून ते चक्र सुरू होतं. थोडे दिवसांचा थकवा आठवडा-दोन आठवड्यांच्या विश्रांतीने निघतो. पण तसंच ओढत नेलं तर शरीर महिनोन्महिने उठत नाही, हे खेळाच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. धावायला लागलं की दम पहिल्या काही आठवड्यांतच सुधारतो. मुलीला वाटतं, आता जमतंय, अजून एक राउंड मारू. पण हाडं आणि स्नायुबंध दमाच्या वेगाने तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. उलट, नव्याने ताण आला की हाड आधी जुना भाग झिजवून मग नवा भरतं, म्हणजे मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षाही नाजूक असतं. आमच्या पुतणीने जाहिरातीच्या आशेने दहा आठवड्यांत शून्यावरून रोज दहा किलोमीटरपर्यंत मजल मारली होती. तिचा दम तयार होता, नडगी नव्हती.

म्हणूनच बुमरा-सिराजचा तो वाद मला अर्धवट वाटतो. सिराजने पाच कसोट्या झेलल्या, कारण त्याच्या शरीराला वर्षानुवर्षं तेवढ्या षटकांची सवय होती. अचानक कोणी त्याच्यावर ओझं टाकलं नव्हतं. बुमराची पाठ मात्र वेगळी. २०२२ मध्ये पाठीपायी त्याचा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत सिडनीला मालिकेत दीडशेवर षटकं टाकून झाल्यावर भर कसोटीत त्याला मैदान सोडावं लागलं. दोघांचा माप एकच कसा लागेल? गावसकरांचा राग मला कळतो, विश्रांतीच्या नावाखाली चुकारपणा चालतोच. आमच्या मैदानावरही आहेत अशा काही, तीन दिवस येतात आणि चार दिवस 'रिकव्हरी' करतात! मोडलंच नाही तर भरून काय येणार? पण एकाच्या आळसाची शिक्षा दुसरीच्या हाडाला कशाला?

आणि जवानांचं म्हणाल, तर सैन्यातही पाळी बदलते, रजा मिळते, ताजं जेवण मिळतं. घरातल्या बाईची पाळी कोण बदलतं?

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. खेळाडूंवर किती भार पडला हे मोजायची एक साधी पद्धत जगभर वापरतात. कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकाने ती रूढ केली. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचं, दहापैकी किती जड गेला? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. झाला त्या दिवसाचा भार. ना यंत्र लागतं, ना पैसे. वही-पेन्सिल पुरते. मला ही युक्ती फार आवडली आणि मी पुतणीला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकटी आखून दिल्या.

तिचा पहाटेचा सराव ९० मिनिटं, जड किती तर ७. म्हणजे ६३०. संध्याकाळचा ६० मिनिटं, ६ गुण, म्हणजे ३६०. एकूण ९९०. तिचा थोरला भाऊ त्याच अकॅडमीत जातो, त्याचेही ९९०. कागदावर दोघं सारखे.

मग मी तिला म्हटलं, आता घरचं लिही. ती हसायला लागली. "घरचं काय लिहायचं काकू, ते तर रोजचंच आहे." तरी लिहायला लावलं. नळाला पाणी दिवसाआड येतं, त्या दिवशी हंडे-कळश्या भरणं ४० मिनिटं, ५ गुण, २००. दोन म्हशींचा गोठा ४५ मिनिटं, ५ गुण, २२५. भाकऱ्या, भाजी, भांडी ७५ मिनिटं, ३ गुण, पुन्हा २२५. धुणं ४० मिनिटं, ४ गुण, १६०. बेरीज ८१०. मैदानाचे आणि घरचे मिळून १८००. भावाचं घरकाम म्हणजे मोटारसायकलवरून डेअरीला दूध पोचवणं, २० मिनिटं, १ गुण. त्याचे १०१०.

ही मोजणी सरावासाठी आहे, भाकऱ्यांसाठी नाही, हे मला मान्य आहे. शास्त्राच्या माणसाला मी केलेलं पटायचं नाही. पण शरीराला दोन खाती ठेवता येत नाहीत. वाकून गोठा झाडताना पाठ दमते, तीच पाठ संध्याकाळी गोळा फेकते. पाण्याचा हंडा घेऊन जिने चढणाऱ्या पायांना कोणी सांगत नाही, की हे तुमच्या सरावात धरलेलं नाही.

आणि आमची पुतणी काही जगावेगळी नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं निघालं. पुतणीची मिनिटं मोजली तर २०० भरली. म्हणजे सरासरीच्या मानाने तिची आई तिच्यावर मेहेरबानच म्हणायची! जाऊबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, मग राहिलेली मिनिटं कोणाच्या अंगावर आहेत ते पण मोजा की." खरं आहे. पोरीला सुट्टी द्यायची म्हणजे ते काम आईच्या अंगावर पडणार. म्हणून तर पोरीही सुट्टी मागत नाहीत.

भाऊ सरावाहून येतो, न्याहारी करतो आणि दोन तास ताणून देतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. "पोरगं दमलंय, आवाज करू नका," असं आमच्या सासूबाई सांगतात. मुलगी आडवी झाली की त्याच सासूबाई विचारतात, "बरं नाही का ग?" म्हणजे बाईने निजायचं तर आजारी तरी असलं पाहिजे, नाहीतर बाळंतीण. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडे कसा पाळतात बघा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेल लावून अंघोळ, झोप. शरीर मोडलंय आणि ते भरून यायला वेळ, अन्न आणि ऊब लागते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. तालमीतल्या वस्तादांनाही ठाऊक होतं. पहाटेची मेहनत झाली की खुराक, मालिश आणि झोप. पैलवान दुपारी झोपला तर त्याला कोणी उठवत नसे. हे शास्त्र परदेशातून यायची गरजच नव्हती. ते फक्त मुलींच्या वाट्याला आलं नाही.

वर्तमानपत्रांनीही, त्यात आम्ही लिहिणाऱ्याही आल्या, थोडं पाप केलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. त्यांच्याबद्दल लिहिताना आपल्याला पाण्याचे हंडे, अनवाणी पाय, गरिबी हेच आधी दिसतं. जणू हंडे वाहिल्यामुळेच त्या धावपटू झाल्या. हंडे तर तिथल्या सगळ्याच मुली वाहत होत्या. या दोघींना पुढे नियमित प्रशिक्षण मिळालं, शिबिरात पोटभर आणि वेळेवर जेवण मिळालं, दोन सरावांच्या मधे पाठ टेकायला मिळाली. त्याची बातमी होत नाही. झोपेचा फोटो काय छापणार?

आता खाण्याचं. अकॅडमीत मुलींना सर्रास सांगतात, वजन उतरवा, वेळ आपोआप येईल. आमचीने रात्रीचं जेवण सोडलं होतं. दूध भावाला, अंडी भावाला, कारण "त्याला गोळा लांब टाकायचाय." हिलाही टाकायचाच होता! वजनाच्या मागे लागून शरीराची काय दशा होते, हे सगळ्या देशाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला पाहिलं. विनेश फोगाटने ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधी हरली नव्हती. ज्या रात्री त्या शरीराला अन्न, पाणी आणि झोप हवी होती, ती रात्र धावण्यात, घाम काढण्यात गेली. केससुद्धा कापले. सकाळी वजन भरलं शंभर ग्रॅम जास्त. तेव्हा आपण नियमांवर भांडलो, कोणाची चूक यावर भांडलो. विनेश जगातल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक, तिच्या भोवती डॉक्टर आणि प्रशिक्षक होते. आमच्या मुलींच्या भोवती कोण असतं?

जाऊबाईंशी बोलताना सहज निघालं, की पुतणीची पाळी चार महिने आलेली नाही. मी दचकले. घरात मात्र कोणाला काळजी नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, "बरंच झालं ना ताई, ग्राउंडच्या वेळेस कटकट नको." अकॅडमीतल्या बाकीच्या मुलींनाही हे भाग्याचंच वाटत होतं.

मैत्रिणींनो, हे भाग्य नाही. धावण्यासाठी जेवढी शक्ती खर्च होते तेवढी पोटात गेली नाही, की शरीर आधी बिनगरजेची वाटणारी खाती बंद करतं. पाळी हे त्यातलं पहिलं. पाळी थांबली की हाडांना बळ देणारं संप्रेरकही कमी होतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. १९९० च्या दशकापासून डॉक्टर हे सांगत आहेत आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या सगळ्या प्रकाराला एक नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं. अमेरिकेची मेरी केन ही शाळकरी वयातच देशातली सर्वांत वेगवान मुलगी म्हणून गाजली होती. मोठ्या प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर वजन कमी करायचा सतत तगादा लागला, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिनेच २०१९ मध्ये जगाला सांगितलं. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या नावाजलेल्या केंद्रात हे झालं. तिथे कमी होता तो पैसा नव्हे.

आमच्याकडे त्यात रक्ताची कमतरता मिळवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत ती आढळली. रक्तातलं हिमोग्लोबिन बाईला १२ तरी हवं. पुतणीचं तपासलं तेव्हा ९ निघालं. रक्त कमी म्हणजे पायांना प्राणवायू कमी, म्हणजे धाप लवकर. आणि ही पोरगी मैदानावर धाप लागली म्हणून शिव्या खात होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे साफ आला. दीर लगेच म्हणाले, "बघा, काही नाही." डॉक्टरांनी समजावलं, की ताणाने पडलेला बारीक तडा पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेला बहुधा दिसतच नाही. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखतं, रात्रीही ठणकतं, यावरून ओळखायचं. सहा आठवडे धावणं बंद. सायकल चालेल, गोळ्याचा सराव बसून चालेल. लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. आणि आठ तास झोप.

झोपेवर सगळे अडले. ती रात्री अकराला निजायची आणि सव्वाचारला उठायची. सव्वापाच तास. सहा आठवडे धावणं बंद हे घराने ऐकून घेतलं, डॉक्टरांचं होतं म्हणून. पण आठ तास? ते कुठून आणायचे?

मी अकॅडमीच्या सरांना भेटले. माणूस वाईट नाही. स्वतः तीनदा भरतीला उतरून एका गुणाने राहिलेला आहे, त्यामुळे पोरांच्या मागे लागतो. मी विचारलं, "चाचणी जवळ आली की तुम्ही सराव कमी करता की वाढवता?" ते म्हणाले, "वाढवतो. शेवटचे पंधरा दिवस दुप्पट." जगभरचे धावपटू नेमकं उलटं करतात. शेवटच्या साधारण दोन आठवड्यांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणायचं, वेग मात्र तसाच ठेवायचा, म्हणजे साठलेला थकवा निघून जातो आणि पाय ताजे होतात. त्याआधीही दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवतात. सर म्हणाले, "मॅडम, हलकं ठेवलं तर आईबाप फी परत मागतात." हेही खोटं नाही. पोरगी घामाघूम होऊन आली तरच पैसे वसूल झाले, असं आपल्यालाही वाटतंच.

चाचणीच्या आदल्या रात्रीचं तर विचारूच नका. २०२४ च्या भरतीत पोरं-पोरी रात्रभर प्रवास करून आली आणि फुटपाथवर, स्टँडवर झोपली, याचे फोटो छापून आले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत १६०० मीटर धावल्यानंतर उमेदवारांचे मृत्यू झाले, २०२४ च्या भरतीतही असं घडलं. प्रत्येकाचं कारण डॉक्टरांनी सांगायचं, मी त्यावरून काही ठोकून देणार नाही. पण जी चाचणी माणसाच्या ताकदीची आहे, तिच्या आदल्या रात्री त्याला पाठ टेकायला जागा देणं हा त्या चाचणीचाच भाग का नसावा? मुलींचा तर आदल्या रात्री निजायला जागा शोधण्यातच जीव जातो. सरकारने मैदानाजवळच्या शाळा एका रात्रीपुरत्या उघडल्या तरी पुष्कळ होईल.

घरी मी कॅलेंडरचा तो कागद दिरांच्या हातात दिला. काही बोलले नाही. १८०० आणि १०१० हे आकडे त्यांनी दोनदा वाचले. ते हिशेबाचे पक्के, बाजार समितीत आयुष्य गेलेलं. "ही बेरीज बरोबर आहे का?" एवढंच विचारलं. बरोबर होती. दुसऱ्या दिवसापासून गोठा मुलाकडे गेला. पाणी दोघांनी भरायचं ठरलं. त्यातलं पाणी पंधरा दिवस टिकलं आणि परत पोरीकडे आलं, गोठा मात्र टिकला आहे. अंडी दोघांना मिळतात. झोप सव्वापाचवरून पावणेसातपर्यंत आली, आठ काही झाली नाही. जाऊबाईंच्या मिनिटांत किती भर पडली, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी भरती कुठे आहे?"

सहा आठवड्यांचे आठ झाले. नोव्हेंबरमध्ये ती परत धावायला लागली, आधी एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं. त्याच सुमारास, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि मैदानावर एकदम दहा-बारा वर्षांच्या पोरींची गर्दी झाली. सरांना नवीन तुकडी काढावी लागली. डिसेंबरमध्ये पुतणीने पहिल्यांदा घड्याळ लावून ८०० मीटर पळून पाहिलं. ३ मिनिटं ९ सेकंद. आधीपेक्षा तीन सेकंद कमी, आणि मधे दोन महिने धावणं बंद. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा पळायला सांगितलं, ती नाही म्हणाली. मला त्या वेळेपेक्षा त्या 'नाही'चं जास्त कौतुक वाटलं.

नंतर सरांनीच त्या चौकटी मागून घेतल्या आणि मुलींना वह्या करायला सांगितल्या, मैदानाचा एक रकाना आणि घरचा एक. बावीसपैकी नऊ जणींनी वह्या आणल्या. मी त्या चाळल्या. एकीचा मैदानाचा आकडा होता ६३० आणि घरचा ११४०. तिचं लग्न झालंय, दोन वर्षांचं मूल आहे, सासूच्या परवानगीने फक्त पहाटेच्या सरावाला येते. मी तिला तिची ८०० मीटरची वेळ विचारली. ती म्हणाली, "आजची नका विचारू मॅडम. काल रात्री बाळ झोपलं नाही."